तलाठी भरतीचा पैसा आणि एप्रिलचा हप्ता: दोन मराठी संकेतस्थळांच्या उत्पन्नाचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले ठिकाण, संकेतस्थळांची नावे आणि काही तपशील बदलले आहेत. रकमा गोल केल्या आहेत, पण त्यांचे आपसातले प्रमाण तसेच ठेवले आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारे पती-पत्नी दोन संकेतस्थळे चालवतात. पहिले नोकरभरतीचे: जाहिराती, अभ्यासक्रम, प्रवेशपत्र, उत्तरतालिका, निकाल. दुसरे पाककृतींचे, सणावारांभोवती फिरणारे. लेखन आणि संपादन पत्नी पाहतात, तांत्रिक बाजू आणि हिशेब पती. दोघांनाही दुसरी नोकरी नव्हती. उत्पन्न जवळजवळ सगळे ॲडसेन्सचे, म्हणजे संकेतस्थळांवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेचे.

२०२३ च्या पहिल्या सहामाहीत भरतीच्या संकेतस्थळाला महिन्याला साधारण ६ लाख पेज व्ह्यू मिळत, म्हणजे पाने तितक्या वेळा उघडली जात. आरपीएम, म्हणजे हजार पेज व्ह्यूमागे मिळणारी रक्कम, सरासरी ५० रुपये. म्हणजे ३०,००० रुपये. पाककृतींचे १ लाख व्ह्यू आणि ८० रुपये आरपीएम धरून आणखी ८,०००. पाककृतींचा आरपीएम जास्त का? तेल, मसाले, मिक्सर, किराणा पोहोचवणारी ॲप यांना तिथला वाचक हवा असतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामागे बोली लावणारे जाहिरातदार कमी.

घरखर्च २२,०००, घरकर्जाचा हप्ता १९,५००, होस्टिंग वगैरे ४,०००. महिन्याला साडेसात हजार कमी पडत. ओढाताण होती, पण गाडे कसेबसे चालत होते.

मग २०२३ चा पावसाळा आला. तलाठी भरतीचे अर्ज जूनअखेर सुरू झाले, ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर अशी टप्प्याटप्प्याने चालली. ऑगस्टमध्येच जिल्हा परिषदांच्या १९ हजारांहून अधिक जागांच्या जाहिराती निघाल्या. भरतीच्या संकेतस्थळाने जुलैत ९१,००० रुपये मिळवले, ऑगस्टमध्ये १,५४,०००, सप्टेंबरमध्ये सुमारे १,३०,०००, ऑक्टोबरमध्ये ८६,००० आणि नोव्हेंबरमध्ये ६०,०००. गणपती आणि दिवाळीने पाककृतींचीही भर घातली. पाच महिन्यांत दोन्ही मिळून ६.२ लाख.

अडचण कुठे सुरू झाली

एप्रिल २०२४ मध्ये दोन्ही संकेतस्थळांची मिळून कमाई १८,७०० रुपये झाली आणि हप्ता भरायला साठ हजारांचे सोनेतारण कर्ज काढावे लागले. तंगी दिसली ती एप्रिलमध्ये. चूक मात्र ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात झाली होती.

ॲडसेन्सचे पैसे कमावलेल्या महिन्यात मिळत नाहीत. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला रक्कम अंतिम होते आणि २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पाठवली जाते. त्यात बँकेचे एक-दोन दिवस, परकीय चलनाचा दर आणि शुल्क. ऑगस्टचे दीड लाख खात्यात आले सप्टेंबरअखेर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पासबुक पाहिले तर आयुष्यातली सर्वांत मोठी शिल्लक, आणि त्याच आठवड्यात रोजचे व्ह्यू ऑगस्टच्या निम्म्यावर आलेले. दोघांनी फक्त पासबुक पाहिले. दोन लेखक महिना ११,००० प्रत्येकी पगारावर घेतले, १,१५,००० चा लॅपटॉप आणि कॅमेरा घेतला, जुन्या गाडीसाठी १,८०,००० भरले.

गाडी आणि लॅपटॉप हा एकदाच होणारा खर्च. त्यांना खरे बुडवले ते पगारांनी. महिन्याचा ठरलेला खर्च ४५,५०० वरून ६७,५०० वर गेला, आणि तोही काही महिन्यांच्या हंगामाच्या भरवशावर. जानेवारीत कमाई २८,०००, फेब्रुवारीत २७,०००, मार्चमध्ये २५,०००. फेब्रुवारीअखेर शिल्लक ६४,००० उरली होती.

आकडे फोडून पाहिल्यावर

मार्चपर्यंत दोघांचे निदान एकच होते: जाहिरातीचे दर पडले. त्याला आधारही सापडला होता. २०२४ च्या सुरुवातीलाच ॲडसेन्सने पैसे मोजण्याची पद्धत बदलली होती. आधी प्रामुख्याने क्लिकवर पैसे मिळत, आता जाहिरात दिसण्यावर. डिसेंबरचा आरपीएम ६२ होता, जानेवारीचा ४०. बदल आणि घसरण एकाच महिन्यात, म्हणजे कारण तेच, असा त्यांचा निष्कर्ष.

तुलना चुकीच्या महिन्याशी होती. जानेवारी २०२३ चा आरपीएमही ४२ च होता. दिवाळी आणि वर्षअखेरीचे जाहिरात-खर्च संपले की जानेवारीत बोली उतरतात, हे दरवर्षीचे आहे. एप्रिल २०२३ चा आरपीएम ४८, एप्रिल २०२४ चा ४५. फरक तीन रुपयांचा. व्ह्यू मात्र ५.८ लाखांवरून २.६ लाखांवर आले होते. दर जागेवरच होता, घटले होते ते वाचक.

वाचक का गेले याचीही दोन उत्तरे निघाली आणि ती वेगळी करायला सर्च कन्सोल लागला. आपली पाने गूगल शोधात किती वेळा आणि कितव्या स्थानावर दिसली, हे संकेतस्थळाच्या मालकाला दाखवणारे ते गूगलचे साधन. एखाद्या पानाचे स्थान तेच आहे पण ते शोधात दिसण्याची संख्या घटली, तर लोक तो विषय कमी शोधत आहेत. हा हंगाम, वाट पाहायची. दिसण्याची संख्या फारशी हललेली नाही पण सरासरी स्थान खाली गेले, तर शोध तितकेच आहेत आणि दुसरा कोणी पुढे गेला आहे. तिथे नुसती वाट पाहून भागत नाही.

प्रवेशपत्र आणि निकालाच्या पानांचे पहिल्या प्रकारचे होते. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, नव्या जाहिराती बहुतेक थांबल्या. अभ्यासक्रम आणि शारीरिक चाचणीच्या पानांची गोष्ट मात्र दुसऱ्या प्रकारची निघाली: सरासरी स्थान ३ वरून जवळपास १० वर. ५ मार्च ते १९ एप्रिल २०२४ या काळात गूगलच्या शोध-क्रमवारीचे मोठे अपडेट चालले, ज्याचा रोख शोधाच्या निकालातला निरुपयोगी मजकूर कमी करण्यावर होता. संकेतस्थळावर १,९०० लेख होते आणि त्यातल्या बहुतेकांत सरकारी पीडीएफमधला मजकूर उचलून, वर दोन ओळी घालून टाकलेला. ऑक्टोबरनंतर पगारी लेखकांनी रोज सहा-सहा लेख टाकले ते याच जातीचे. नेमणुकीचा पैसा असा दुहेरी अंगाशी आला.

सर्च कन्सोलमध्ये फक्त १६ महिन्यांची माहिती राहते. त्यांना गेल्या वर्षीचा एप्रिल सापडला, त्याआधीच्या वर्षीचा नाही. दर महिन्याच्या १ तारखेला पानवार आकडे उतरवून ठेवले नाहीत, तर दोन वर्षांची तुलना करताच येत नाही.

समोर असलेले पर्याय

*जाहिराती वाढवणे.* सर्वांत आधी हेच सुचते. ॲडसेन्समध्ये प्रयोगाची सोय आहे: अर्ध्या वाचकांना जुनी मांडणी, अर्ध्यांना नवी. १४ दिवस चालवल्यावर जादा जाहिरातींच्या मांडणीचा आरपीएम ४५ वरून ५३ झाला. पतींना तेवढ्यावरच निर्णय घ्यायचा होता. पण एका भेटीत वाचक सरासरी २.१ पाने पाहत होता, नव्या मांडणीत तो १.६ पानांनंतर निघून जाऊ लागला. हजार भेटींमागे जुन्या मांडणीने ९४ रुपये दिले, नव्या मांडणीने ८५. आरपीएम वाढतो आणि कमाई घटते, असे होऊ शकते. हा पर्याय सोडला, आणि उलट पानावरच्या जाहिरातींच्या नऊ जागा पाचवर आणल्या.

*मध्यस्थ जाहिरात-कंपनी.* "उत्पन्न दुप्पट" म्हणणारे तीन ईमेल त्यांच्याकडे पडले होते. करार वाचले तेव्हा एकात पैसे ६० दिवसांनी, दुसऱ्यात वर्षभर बाहेर पडता येत नाही, तिसऱ्यात उत्पन्नातला २० टक्के वाटा त्यांचा. मराठी भरतीच्या वाचकावर बोली लावणारे तेच आहेत, मध्ये एक माणूस वाढल्याने ते जास्त देत नाहीत. शिवाय आधीच पैसे उशिरा येण्याने घात झालेल्या घराने आणखी उशीर विकत घेणे शहाणपणाचे नव्हते. नाकारले.

*स्थानिक जाहिरातदार.* पोलीस भरतीच्या अकादम्या, अभ्यासिका, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची दुकाने. वाचक तोच, आणि पैसे ठरलेले.

*सराव प्रश्नसंच विकणे.* पत्नींना यात गती होती, पण तयार व्हायला तीन महिने लागणार होते.

*एकाने नोकरी करणे.* याला दोघांचाही विरोध होता. विरोधाचे कारण पैशाचे नव्हते, गावात काय म्हणतील याचे होते. हे प्रकरण अभ्यासणाऱ्या आमच्या मते हा पर्याय पहिल्या दिवशीच टेबलावर यायला हवा होता.

काय केले

एप्रिलअखेर दोन्ही लेखकांचा पगार थांबवला आणि लेखामागे २५० रुपये देऊ केले. एक राहिला, एक गेला. मे महिन्यापासून पतींनी एका खासगी शाळेचे संगणकाचे काम धरले, रोज चार तास, १५,००० रुपये. हप्त्याची चिंता कमी झाली आणि त्यामुळे पुढच्या गोष्टी घाई न करता करता आल्या.

पैशाची व्यवस्था अशी बसवली. जाहिरातीचे सगळे पैसे वेगळ्या खात्यात. रक्कम आली की त्याच दिवशी १५ टक्के कराच्या खात्यात, १० टक्के संकेतस्थळाच्या खर्चाला, उरलेले साठ्यात. साठ्यातून १ तारखेला घराला ठरलेला पगार. साठा सहा महिन्यांच्या पगाराइतका होईपर्यंत पगार वाढवायचा नाही, कमाई कितीही होवो. साठा तीन महिन्यांच्या खाली गेला तर पगार २० टक्के कमी, दीड महिन्याच्या खाली गेला तर बाहेरचे काम. हे आकडे चांगल्या महिन्यात बसून, कागदावर लिहून ठरवायचे असतात. वाईट महिन्यात माणूस स्वतःला सवलत देतो.

करापुरते सांगायचे तर, २०२३-२४ चा आगाऊ कर त्यांनी भरलाच नव्हता आणि व्याज बसले. व्यवसायाच्या उत्पन्नाला अंदाजित पद्धत (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरणारी, तेव्हाच्या आयकर कायद्यातले कलम ४४एडी) घेतली तर आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरता येतो. चढउतार असलेल्यांना ही मोठी सोय आहे. पण ॲफिलिएट कमिशन या पद्धतीत बसत नाही. त्यांना पाककृतींमधल्या भांड्यांच्या लिंकवर थोडे कमिशन मिळत होते, ते सनदी लेखापालांनी वेगळे काढले.

लेखांची साफसफाई मे आणि जूनमध्ये झाली. १,९०० पैकी २४० लेख ८० टक्के वाचक आणत होते. मुदत संपलेले १,१५० लेख कायमचे काढले. एकाच विषयाचे २६० लेख ४० मध्ये एकत्र करून जुने पत्ते नव्याकडे वळवले. इथे एक घोळ झाला: संकेतस्थळाला जोडलेल्या एका प्लगिनने, म्हणजे छोट्या जोड-प्रोग्रामने, काढलेल्या लेखांचे सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले. गूगल अशा पानांना नसलेलेच समजते, आणि सर्च कन्सोलमध्ये सातशेवर त्रुटी आल्या. ज्या पानाला पर्याय नाही त्याला ४१० हा, पान कायमचे काढले असे सांगणारा, संकेत द्यायचा, मुखपृष्ठाकडे वळवायचे नाही. दुरुस्तीला तीन आठवडे गेले.

स्थानिक जाहिरातींचा दर कसा काढला तेही सांगण्यासारखे आहे. पोलीस भरतीच्या पानांना महिन्याला साधारण ८०,००० व्ह्यू होते. ती जागा ॲडसेन्सला दिली असती तर एका जागेचे हजार-बाराशे मिळाले असते. अकादमीचा एक प्रवेश काही हजारांचा असतो, म्हणून ४,५०० रुपये महिना मागितला, तीन महिने आगाऊ दिल्यास १२,०००. आधी १५ दिवस फुकट दाखवून किती फोन आले ते अकादमीलाच मोजू दिले. जाहिरात ३०० बाय २५० आकाराची, दुसऱ्या परिच्छेदाखाली, वर "जाहिरात" असे स्पष्ट लिहून, आणि लिंकला प्रायोजित असल्याची खूण. ही खूण विसरली तर गूगलच्या दृष्टीने ती विकलेली लिंक ठरते.

जुलै २०२४: दुसरा पूर

२८ जून २०२४ ला मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला, अर्जाची पहिली मुदत १५ जुलै होती, मग ती वाढत गेली. मराठीत या एका विषयाचा शोध प्रचंड वाढला. आता प्रश्न असा: यात उतरायचे का?

बहुतेक संकेतस्थळांनी "अर्ज करा" असे मोठे बटण आणि त्याला चिकटून जाहिरात असे केले. जाहिरात बटणासारखी दिसते, लोक चुकून दाबतात. तेवढ्यापुरती कमाई दिसते, पण असे क्लिक अवैध धरले जातात, रक्कम कापली जाते, कधी खाते बंद होते. या दोघांनी एकच पान केले: पात्रता, कागदपत्रे, अर्ज कुठे मिळतो, कोणाकडे द्यायचा, आणि मुदत वाढली की त्याच पानावर तारीख बदलायची. बटण नाही, फॉर्मची स्वतःची प्रत नाही. पान गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरले आणि दहा दिवसांत ९ लाख व्ह्यू झाले.

अंदाजित कमाई ४१,००० दिसली. अंतिम झाली तेव्हा १३,००० वजा झाले होते, आणि मध्ये खात्यावर जाहिराती दाखवण्याची मर्यादाही आली. पानाची मांडणी स्वच्छ असूनही हे झाले, कारण एकाच फोनवरून अनेक जणी पान उघडत होत्या आणि अनोळखी ठिकाणांहून अचानक गर्दी आली होती. मर्यादा आली की घाबरून मांडणी बदलू नये, खोटी गर्दी आणणारे दुवे तपासावेत आणि थांबावे. ती तीन आठवड्यांत उठली.

या वेळी २८,००० आले तेव्हा सोनेतारण कर्ज फेडायला सुरुवात केली आणि बाकी साठ्यात गेले. अंदाजित रकमेवर कोणताही खर्च ठरला नव्हता. ऑक्टोबर २०२३ आणि जुलै २०२४ मधला फरक इतकाच.

परिणाम

१५ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०२४ च्या गूगल अपडेटनंतर अभ्यासक्रमाची पाने पाचव्या-सहाव्या स्थानापर्यंत परतली. तिसरे स्थान परतले नाही. मार्च २०२५ च्या सुमारास भरतीचे संकेतस्थळ ४.५ लाख व्ह्यूंवर २३,०००, पाककृती ११,०००, तीन स्थानिक जाहिराती १३,५००, प्रश्नसंच सरासरी ६,०००. एकूण ५३-५४ हजार. त्याआधीच्या सहा महिन्यांतला सर्वांत वाईट महिना ३६,००० चा. साठा १.७ लाख, म्हणजे घराच्या चार महिन्यांचा. पतींनी शाळेचे काम डिसेंबरमध्ये सोडले. साठा सहा महिन्यांचा होण्याआधी सोडले, हे आम्हाला घाईचे वाटते.

सगळे जमले असे नाही. चौथ्या जाहिरातदाराने दोन महिन्यांचे ९,००० बुडवले. आगाऊ घेण्याचा नियम ओळखीपोटी त्याच्यासाठी मोडला होता. प्रश्नसंचाची पहिली पीडीएफ ९९ रुपयांना विकली आणि आठवड्यात ती टेलिग्रामवर फुकट फिरू लागली. नंतर पीडीएफ बंद करून लॉगिन करून सोडवायची वेळ लावलेली चाचणी केली, तेव्हा विक्री टिकली.

वेगळे काय करता आले असते

हिशेब करून पाहिला. जुलै ते नोव्हेंबर २०२३ चे ६.२ लाख. त्यातून कराचे ९३,००० आणि पाच महिन्यांचा मूळ खर्च २,२७,५०० काढला तर ३ लाख उरतात. लेखक नेमले नसते तर जानेवारी ते एप्रिलची तूट दरमहा १७ ते २७ हजार होती. म्हणजे तो साठा अगदी वाईट दराने धरला तरी अकरा महिने पुरला असता, आणि सोने गहाण पडले नसते. गाडी घेऊनही सुमारे १.२ लाख उरले असते आणि एप्रिल निभावला असता.

लेखक नेमायचेच होते तर लेखामागे पैसे, आणि तेही भरतीच्या काळापुरते, असे ठरवता आले असते. स्थानिक जाहिरातदारांकडे जायची वेळ ऑगस्ट २०२३ होती, जेव्हा संकेतस्थळावर २२ लाख व्ह्यू होते आणि आकडे दाखवून दर मागता आला असता. ते गेले मे २०२४ मध्ये, हात रिकामे असताना.

एका मुद्द्यावर आमच्यातही एकमत नाही. ११५० लेख एकदम काढण्याऐवजी आधी दोनशे काढून दोन महिने पाहावे, असे काहींचे म्हणणे. टप्प्याने काढले असते तर प्लगिनचा घोळ सातशे पानांवर पसरला नसता हे खरे. पण ऑगस्टच्या अपडेटच्या आत काम संपलेही नसते.

पाककृतींचे संकेतस्थळ मात्र या सगळ्यात दुर्लक्षित राहिले. त्याचा आरपीएम दीडपटीहून जास्त आहे आणि कोणत्याही आचारसंहितेने पुरणपोळी थांबत नाही. २०२५ च्या श्रावणाआधी तिथे उपवास आणि नैवेद्याचे साठ लेख नव्याने लिहायचे ठरले होते, छायाचित्रे त्याच महागड्या कॅमेऱ्याने काढून.